डोळ्यांपुरती दारू

पेणमध्ये माझ्याबद्दल दोन गोष्टी बोलल्या जातात. एक म्हणजे माझ्याकडून गणपती घेताना व्यापाऱ्याला घाम फुटतो. दुसरी म्हणजे माझा सख्खा भाऊ भर सीझनमध्ये मला टाकून सासुरवाडीला गेला तो गेलाच. पहिली खरी आहे आणि तिचा मला अभिमान आहे. दुसरीही खरी आहे, पण सांगणारे ती अर्धीच सांगतात. उरलेली अर्धी मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण तीत माझी बाजू पडते. तरी सांगते.

मी सोळाव्या वर्षी दुसऱ्याच्या कारखान्यात मूर्ती घासायला बसले. साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे बुजवायचे, पॉलिश पेपर मारायचा, आणि संध्याकाळी भुवयांपर्यंत पांढरं होऊन घरी जायचं. तिथून स्वतःच्या कारखान्यापर्यंत मी भांडत आले. जागेसाठी भांडले, मातीसाठी भांडले, रंगवाल्याशी तर अजून भांडते. लग्न केलं नाही, त्याला वेळ झाला नाही. माझ्याबरोबर एकच माणूस होता, आठ वर्षांनी धाकटा भाऊ, आणि त्याच्या हातात आखणी होती.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. साचा कोणीही भरतो, अंगाचा रंग बायकासुद्धा दिवसाला शंभर मूर्तींना मारतात. डोळे मात्र गावात मोजक्याच लोकांना येतात, आणि व्यापारी पैसे डोळ्यांचेच देतो. आखणी सकाळच्या उजेडात करायची. आखणारा बसला की कारखान्यात रेडिओ बंद, बोलणं बंद. भाऊ आधी श्वास सोडायचा, मग नाकाकडून कानाकडे वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायचा. चुकली तर ओल्या फडक्याने एकदा पुसता येते. दुसऱ्यांदा पुसली की चेहऱ्याचा रंग जातो, मूर्ती बाद. माझ्या भावाने वर्षानुवर्षं फडकं हातात घेतलं नव्हतं.

संध्याकाळी तो रंगाऱ्यांबरोबर प्यायचा. सगळेच पितात म्हणून मी तिकडे बघितलं नाही. मग एका आषाढात, सकाळी, मी त्याला डाव्या हाताने उजवं मनगट धरून बसलेला पाहिला. मूर्ती पुढ्यात, ब्रश रंगात बुडवलेला, आणि हात थरथरतोय. तो उठून शेडच्या मागे गेला, तोंड पुसत परत आला, आणि पुढच्या घटकेत सहा मूर्तींचे डोळे सरळ उतरले.

मी ओरडले. ओरडून झाल्यावर विचार केला. माझा स्वभाव असा आहे की मी विचार करते तो धंद्याच्या अंगानेच करते. हात दारूने थांबतो, तर दारू पाहिजे. पण ती त्याच्या हातात राहिली तर तो पीत सुटेल, माझ्या हातात राहिली तर मापात राहील. मी बाटली रंगाच्या कपाटात ठेवली आणि किल्ली पदराला बांधली. स्टीलच्या एका पेल्याला खिळ्याने आतून रेघ मारली. बारा मूर्तींचे डोळे झाले की रेघेपर्यंत एक पेला, पुढचे बारा झाले की दुसरा. व्यापाऱ्याशी ठरवावं तसं मी भावाशी ठरवलं.

तो हसला. म्हणाला, "ताय, तू यमाशी पण घासाघीस करशील."

"करीन. तू आख."

दोन सीझन मी असे काढले. मूर्ती वेळेवर गेल्या. रेघ मात्र मी तिसऱ्यांदा मारली होती, प्रत्येक वेळी थोडी वर.

त्याची बायको अष्टमी गावची, रोह्याच्या पुलापलीकडची. अंगाने बारीक, बोलायला कमी. एकदा ती कपाटासमोर उभी राहून म्हणाली, "वन्सं, तुम्ही मोजून देता म्हणून ती काय औषध होत नाय."

"अगो, मी मोजून देते म्हणून तो रोज घरी येतो. नायतर गटारात शोधायला गेली असतीस."

ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

त्या वर्षी अनंत चतुर्दशी झाली, कारखाना रिकामा झाला, आणि मी ठरवलं की आता डोळे काढायचे नाहीत तर दारूही नाही. एका दिवसात बंद. पेणमध्ये त्याच्या ओळखीची दुकानं फार, म्हणून मी त्याला आणि बायकोला घेऊन अष्टमीला गेले आणि तिच्या माहेरी दारात खुर्ची टाकून बसले. माझा सरळ विचार होता. व्यसन म्हणजे हट्ट, आणि हट्ट मोडायला माझ्यासारखी दुसरी कोण आहे?

पहिल्या दिवशी तो घामाने भिजला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटात पाणी ठरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी तो अंगावरच्या चादरीवरून मुंग्या वेचायला लागला. चादरीवर मुंगी नव्हती. "ताय, झाड गो ही," असं म्हणाला, आणि त्याचे डोळे वर गेले, दातांखाली जीभ आली, सगळं अंग ताठ होऊन हिसके द्यायला लागलं. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाले. रिक्षा त्याच्या बायकोने आणली.

रोह्याच्या दवाखान्यात त्याला दाखल केलं. मनाच्या आजारांची एक डॉक्टरीण तिथे पनवेलहून ठरलेल्या दिवशी यायची. वयाने माझ्याहून बरीच लहान. तिने बाहेर पॅसेजमध्ये येऊन विचारलं, "रोज किती घेत होते? आणि एकदम कुणी बंद केली?"

माझी भावजय, जी चार माणसांत तोंड उघडत नाही, ती खणखणीत आवाजात म्हणाली, "देत होत्या पण वन्सं, मापून. आणि बंद केली ती पण वन्संनीच."

समोरच्या बाकावर पेणचे दोघे बसले होते. मी एसटीने पेणला पोचायच्या आत ती गोष्ट पोचली होती. हीच माझी तक्रार. खोटं बोलली असं मी म्हणत नाही. पण घरात बोलायचं ते तिने बाकावर बोललं.

डॉक्टरीण मला म्हणाली, "ताई, इतकी वर्षं रोज पिणाऱ्याची दारू अशी एका दिवसात तोडायची नसते. शरीर उलटतं. जीव जाऊ शकतो. औषधाच्या आधाराने ती उतरवायची असते."

"मग बाहेर तशी पाटी का लावत नाय?"

"लावते," ती म्हणाली. मला वाटलं मला गप्प करायला म्हणते आहे. पुढच्या आठवड्यात खरोखरच दारावर हाताने लिहिलेला कागद लागला होता.

सहा दिवसांनी तो शुद्धीवर येऊन पेज प्यायला लागला, तेव्हा तिने आम्हा तिघांना समोर बसवलं. मी कंबर कसून बसले होते. माझ्या डोक्यात होतं की आता ही कुठल्यातरी केंद्रात तीन महिने कोंडा म्हणणार. ती म्हणाली, तोही एक मार्ग आहे. घरात सांभाळायला कुणी नसेल, किंवा परत फिट येण्याची भीती असेल तर तोच बरा. पण यांची बायको आहे, राहायला पिणाऱ्यांपासून लांबचं घर आहे, धोक्याचे दिवस इथेच गेलेत. तर घरी राहूनही उपचार होईल. पहिला आठवडा रोज यायचं, मग आठवड्यातून दोनदा. बुधवारी माझ्याकडे तपासणी आणि गोळ्या, शनिवारी समुपदेशक बाईंकडे बोलणं आणि त्यानंतर दारू सोडलेल्यांची बैठक. महिन्यातून एक बुधवार घरच्यांचा.

"आठवड्यातून दोनदा कशाला?" मी म्हटलं. "पंधरा दिवसांतून एकदा पाठवते. गोळ्या जास्त द्या."

"दोनदा."

"बरं, आठवड्याला एक. बोलणं आणि गोळ्या एकाच दिवशी उरका."

"ताई, तुम्ही गिऱ्हाइकाला एकच डोळा आखून मूर्ती देता का?"

भाऊ हसला. आठ दिवसांत पहिल्यांदा. मला तिचा राग आला आणि तेव्हाच वाटलं की ही बाई माझ्या धंद्यात असती तर मला जड गेली असती.

मग तिने त्याला विचारलं, झोप कशी, भूक कशी, सकाळी उठल्यावर कसं वाटतं, आणि हे दारूच्या आधीपासून होतं का. मला वाटलं हा काय सांगणार, याला कधी काय वाटलंय. तो खाली बघत म्हणाला, "आधीपासून. लग्नाच्या पण आधी. सकाळी उठू नयेसं वाटायचं. आणि डोळे काढले की मूर्ती माझ्याकडे बघते असं वाटायचं, मला तिच्याकडे बघवायचं नाय. दोन घोट घेतले की बघवायचं."

मी त्याच्यापासून चार हातांवर बसून इतकी वर्षं काढली होती. तो आख म्हटलं की आखायचा, एवढंच मला माहीत होतं. डॉक्टरीण म्हणाली, हे दोन आजार आहेत, उदासी वेगळी आणि दारू वेगळी, एकाला सोडून दुसरा बरा होणार नाही. मी "दोन्हीवर मिळून एक गोळी द्या" म्हणणार होते. म्हटलं नाही.

तो अष्टमीलाच राहिला. शनिवारच्या बैठकीला कंपनीतले शिफ्टवाले यायचे, एक रिटायर मास्तर यायचे, खांब गावचा एक शेतकरी यायचा. जो तो आपलं सांगायचा. कुणी कुणाला उपदेश करायचा नाही असा तिथे नियम होता. मी घरच्यांच्या बुधवारी एकदा गेले. समुपदेशक बाईंनी विचारलं, घरात राग कोणाला जास्त येतो. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ज्यांची माझी ओळख नव्हती त्यांनीसुद्धा. मी पिशवी उचलून बाहेर आले आणि पुन्हा गेले नाही.

शिमग्याला तो प्यायला. होळीच्या माळावर कुणीतरी दिली. मला फोनवर कळलं तेव्हा मी जेवत होते, ताट सरकवून म्हटलं, गेलं सगळं पाण्यात. भावजय त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीण रागावली नाही म्हणे. किती प्यायली, कोण होतं, त्याआधी मनात काय होतं, एवढंच विचारलं. मी फोन करून तिला म्हटलं, "तुम्ही त्याला झापायला पायजे होतं."

"ते काम तुम्ही इतकी वर्षं केलंत ना? उपयोग झाला?"

त्यानंतर तिने दुसरी एक गोळी सुचवली. ती घेतल्यावर दारू पोटात गेली तर माणूस लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो, जिवावरही बेतू शकतं. त्याला विचारून, त्याच्या सहीने ती सुरू केली. रोज न्याहारीनंतर बायकोने समोर उभं राहून द्यायची. मला मुद्दाम बोलावून, समोर बसवून सांगितलं, घरातल्या प्रत्येकाला हे माहीत असलं पाहिजे. मी मान डोलावली.

आषाढ आला. मी डॉक्टरणीकडे सौदा करायला गेले. ती म्हणाली, यंदा नको. ती शेड, ते कपाट, तो वास, सगळं त्याला तिकडेच ओढेल. पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, व्यापारी त्याचे डोळे बघून ऑर्डर देतात, मी काय सांगू त्यांना? महिनाभर तरी. ती नाही म्हणाली. पंधरा दिवस. नाही. शेवटी आठ दिवसांवर आले, तेव्हा ती अटींवर कबूल झाली. फक्त सकाळी, बायको बरोबर, कपाटात बाटली नाही, आणि मधला बुधवार चुकवायचा नाही. तिने भावाला विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "जमल." मला वाटलं मी जिंकले.

पहिले दोन दिवस बरे गेले. हात थोडा हळू, पण रेघ सरळ. तिसऱ्या दिवशी मंडळाची मोठी मूर्ती होती. भावजय बाजारातून भाजी आणायला गेली होती. त्याने श्वास सोडला, ब्रश टेकवला, आणि रेघ थरथरली. त्याने फडकं घेतलं. एकदा पुसली. पुन्हा ब्रश उचलला आणि तसाच धरून बसला. कपाळावर घाम.

"ताय, नाय जमत."

"जमतंय. घे दम."

"नाय जमत गो."

बाहेर टेम्पो लागलेला. मंडळाचे लोक उद्या येणार. कपाटात बाटली नव्हती हे खरं, मी शब्द पाळला होता. ती माझ्या खोलीत पिठाच्या डब्यामागे होती. मी आत गेले, तोच पेला घेतला, रेघेपर्यंत ओतला आणि रंगाच्या वाट्यांशेजारी आणून ठेवला.

"डोळ्यांपुरती," मी म्हटलं.

तो पेल्याकडे बघत राहिला. हात पुढे आला, पेल्याच्या कडेला लागला. मग तो म्हणाला, "ताय, मी सकाळी गोळी घेतलीय."

मला माहीत होतं. स्वतःला मी आजवर सांगत आले की त्या घाईत माझ्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं होतं. दोन घोटांनी काय होतंय, असा अंदाज मी केला होता. आयुष्यभर मी अंदाजानेच चालले आणि बहुतेक वेळा बरोबर निघाले.

तेवढ्यात भावजय दारात आली. तिने पेला बघितला, मला बघितलं. मी तिच्या तोंडून शिवी ऐकायला तयार होते, मला परत चार सुनावता आल्या असत्या. तिने खुंटीवरचा नवऱ्याचा शर्ट काढून त्याच्या हातात दिला. त्याने ब्रश धुतला, पुसून वाटीत उभा ठेवला, आणि दोघं एसटी स्टँडकडे चालू लागली. मी दारातून ओरडले, "मूर्ती आंधळी टाकून जातोस? देवाला तरी भी!" त्याने मागे वळून पाहिलं नाही.

तो घरी न जाता थेट दवाखान्यात गेला हे मला नंतर कळलं. बुधवार नव्हता, डॉक्टरीण नव्हती. समुपदेशक बाईंनी त्याला संध्याकाळपर्यंत बसवून घेतलं, चहा दिला, शनिवारच्या बैठकीतल्या मास्तरांना बोलावून घेतलं. तो प्यायला नाही.

मी हमरापूरहून दुसरा आखणारा आणला. त्याने डोळे काढले, पण एक डोळा कोकणाकडे, दुसरा घाटाकडे. व्यापाऱ्यांनी तोंडं वाकडी केली. तो सीझन मी कसा काढला ते मलाच ठाऊक. विसर्जन झाल्यावर मी तापलेलं डोकं घेऊन रोह्याला गेले. भाऊ भेटायला आला नाही. मी डॉक्टरणीच्या टेबलावर हात आपटला.

"माझा भाऊ तुम्ही ठेवून घेतलाय. तो मला परत द्या."

"ताई, इथे कुणाला ठेवून घेत नाही. ते येतात आणि घरी जातात. दार उघडं असतं. रस्त्यात चार दुकानं लागतात, ती ओलांडून परत येतात. हा उपचार तसाच असतो."

"मग तो माझ्याकडे का येत नाय?"

"ते त्यांनी ठरवलंय. मी सांगितलेलं नाही. तुम्ही मात्र घरच्यांच्या बुधवारी या. त्यांच्यासाठी नाही म्हणत."

मी म्हटलं, मला काय झालंय? आणि निघून आले.

पुढच्या वर्षी ज्येष्ठात भावजयीचा फोन आला. अटी तिने सांगितल्या, पण बोली भावाची होती, मी ओळखली. मोठ्या मूर्ती नाहीत. लहान मूर्ती बाकी रंगवून, डोळे कोरे ठेवून, पेंढ्यात बांधून टेम्पोने अष्टमीला पाठवायच्या. तो घराच्या ओट्यावर सकाळी तीन तास बसेल. बुधवारी आणि शनिवारी काम बंद. मोडतोड झाली तर माझी.

"आणि?" मी विचारलं, कारण शेवटची अट लोक नेहमी शेवटी सांगतात.

"आणि तुम्ही यायचं नाय, वन्सं."

मी फोन आपटला. रंगरंगोटी झालेली मूर्ती रस्त्याने पाठवायची म्हणजे वेडेपणा. नागोठण्यापर्यंतचे खड्डे मला माहीत आहेत. असा सौदा मी उभ्या आयुष्यात घेतला नव्हता. तिसऱ्या दिवशी पेंढा मागवला.

मूर्ती परत आल्या तेव्हा मी एकेक उजेडात धरून बघितली. रेघ पूर्वीसारखी नाही. थोडी जाड आहे, आणि मधे कुठेतरी ब्रश थांबून पुन्हा उचलल्याचं मला दिसतं. व्यापाऱ्यांना दिसत नाही. ओल्या फडक्याच्या खुणा बऱ्याच मूर्तींना आहेत. तो आता पुसतो, पुन्हा काढतो. पण दारूशिवाय काढतो.

तेव्हापासून हे असंच चाललं आहे. पेणचे लोक म्हणतात, भावाने बहिणीला वाळीत टाकली. म्हणोत. बायकोच्या नादी लागला असंही म्हणतात, आणि मी ते खोडत नाही, कारण तिने त्या बाकावर जे केलं ते मी विसरलेले नाही. शनिवारच्या बैठकीत नवीन आलेल्यांशी आता तो बोलतो म्हणे. काय बोलतो ते तिथलं बाहेर सांगायचं नसतं. माझं नाव निघत असेल. निघू दे.

दर खेपेला मी टेम्पोवाल्याबरोबर निरोप देते, की मी एक दिवस येऊन जाते, ओट्याखाली उभी राहीन, तोंडातून शब्द काढणार नाही. यंदाही दिला. संध्याकाळी टेम्पो परत आला. मी आधी मूर्तींच्या पाट्या मोजल्या, मग विचारलं.

"काय म्हणाला?"

"'अजून नाय,' म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच."

मी त्याला मूर्ती उतरवायला सांगितल्या. हळू उतरव, म्हटलं, वरच्या पाटीतले डोळे अजून ओले आहेत.